दहा टनांचा घास

खात्यात माणसं काय काय खातात याला सुमार नाही. कुणी सिमेंट खातो, कुणी डांबर खातो, एका बड्या साहेबांनी तर अख्खा पूल खाल्ला आणि वर पाणीही प्यायले नाहीत. पण दहा टनांचा रोलर खाल्लेला माणूस रस्ते खात्याच्या इतिहासात एकच. तो आपण खाल्ला नाही असं सांगणाराही तो एकटाच.

त्यांना सगळे विमानराव म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी खात्याचा रोलर चालवला. ताशी चार किलोमीटर, तेही रोलरची तब्येत बरी असली तर. सकाळी शाळेला निघालेली पोरं त्यांना चालत ओलांडून जायची आणि दुपारी शाळा सुटल्यावर त्याच वळणावर परत भेटायची. अशा माणसाला विमान नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? नाव ठेवलं होतं टोळीच्या मुकादमाने. हा मुकादम एरवी काही फार कामाचा माणूस नव्हता, पण नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

विमानराव बोलायचे कमी. रोलरच्या धडधडाटात एवढी वर्षं काढल्यावर माणूस एक तर ओरडून बोलतो, नाही तर बोलतच नाही. त्यांनी दुसरा मार्ग धरला. मान मात्र कायम मागे वळलेली असायची, कारण रोलर जितका पुढे जातो तितकाच मागे येतो. जेवायला बसले तरी दोन घासांनी एकदा मागे बघत.

बावीस वर्षांपूर्वी त्यांची बायको गच्चीच्या जिन्यावरून पडली. पाठीचा मणका मोडला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि तेही त्याच दिवशी. रोलर तेव्हा डोंगराच्या पायथ्याला, खात्याच्या तळावर उभा होता. तिथून डोंगरात अकरा रस्ते फुटत. विमानरावांना निरोप आला तसे ते खाली उतरले, सात नंबरच्या रोलरची किल्ली मुकादमाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "येतो."

मुकादम म्हणाला, "या."

झालं एवढंच. वास्तविक यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना ताबा पावती करायची असते, तीन प्रतींत. पण त्या टोळीत पावती मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं, अशी समजूत होती. कुणी कुणाकडे पावती मागितली की चार दिवस त्याच्याशी कुणी बोलत नसे. त्यामुळे कागदावर सात नंबरचा रोलर विमानरावांच्याच ताब्यात राहिला.

चार महिन्यांनी ते कामावर परत आले तर सगळंच उलटंपालटं झालेलं. पायथ्यावरून सरळसोट नवा महामार्ग मंजूर झाला होता आणि डोंगरातल्या अकराही रस्त्यांवर एकाच हुकुमाने 'देखभाल बंद' असा शिक्का पडला होता. टोळीतली माणसं पांगली होती. मुकादम एका दुपारी डुलकी घ्यायला म्हणून आडवा झाला तो उठलाच नव्हता. आणि रोलर तळावर नव्हता.

चौकशी झाली. खात्याने तिघांचं पथक पाठवलं. ते एका रस्त्याने पहिली दरड लागेपर्यंत गेले, तिथे डबे खाल्ले आणि 'पुढे रस्ता नाही' असा शेरा लिहून परत आले. मग कुणीतरी म्हणालं, भंगारात विकला. ह्या 'कुणीतरी'ला आजवर कुणी पकडलेलं नाही. विमानरावांनी सांगितलं की किल्ली मुकादमाकडे दिली होती. साहेब म्हणाले, पावती? पावती नव्हती. पुरावा नाही म्हणून नोकरी गेली नाही, आणि पावती नाही म्हणून संशयही गेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातली गत. फक्त इथे फाशी हप्त्याहप्त्याने होती.

सर्वांत मोठा हप्ता वसूल करायचा साडू. चार पाहुणे जमले की ह्या गृहस्थाला कंठ फुटायचा. पंगतीत विमानरावांच्या पानाशी वाढणारं कुणी आलं की म्हणायचा, "अरे, त्यांना जास्त आग्रह करू नका. आधीच दहा टन पोटात आहेत." लोक हसायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे न खाल्लेल्या माणसाचा घसा दाटून यायचा. विमानराव पानातलं निमूट संपवायचे.

आणि बायको काय म्हणायची? तिथंच तर सगळी मेख होती. ती म्हणायची, "खाल्ला तर खाल्ला. भावोजी, तुमच्या ताटातला तर नव्हता ना?" एवढं बोलून आत निघून जायची. माझ्या नवऱ्याने खाल्ला नाही, हे शब्द तिच्या तोंडून बावीस वर्षांत एकदाही निघाले नाहीत. एकदा विमानरावांनी धीर करून सांगितलंही होतं, "अगं, मी नाही खाल्ला." ती म्हणाली, "बरं," आणि गॅस बारीक केला. आता 'बरं' या शब्दाचा अर्थ जगातल्या कुठल्या नवऱ्याला लागलाय?

तीन वर्षांपूर्वी विमानराव निवृत्त झाले. कार्यालयाच्या बाहेरच्या खोलीत निवृत्त लोकांचे फोटो ओळीने लावतात. त्यांच्या जागी खिळा ठोकला होता, पण फोटो नव्हता. प्रकरण प्रलंबित होतं ना! त्यांनी मग एक जुनी जीप घेतली, कार्यालयातल्या शिपायाला धरून अकरा रस्त्यांच्या जुन्या नकाशाची प्रत मिळवली आणि दर रविवारी डोंगरात जायला लागले. रोलर दहा टनांचा होता. विकला नसेल तर तो कुठेतरी असणारच, हा त्यांचा हिशोब. कुणी खिशात घालून नेणार नव्हतं.

पहिल्या रविवारी बायको म्हणाली, "मी पण येते." पाठीचं ऑपरेशन झालेल्या बाईने असल्या रस्त्यांवर येऊ नये, हे कुणीही सांगितलं असतं. पण पाठीला त्रास होईल इतक्या वेगाने ती जीप कधी गेलीच नाही. बसायला दोन उशा, थर्मासमध्ये चहा, एक कोयता, एक फावडं, दोर, आणि पाण्याचा कॅन. असा त्यांचा संसार दर रविवारी सकाळी निघायचा.

सोडून दिलेला रस्ता लगेच मरत नाही. आधी कडा जातात. मग डांबराच्या भेगांत गवत उगवतं आणि त्या गवतावरून कळतं की चाकं कुठून जायची. मोऱ्या गाळाने तुंबतात आणि पाणी रस्त्यावरूनच वाट काढतं. मैलाचे दगड तेवढे इमानाने उभे असतात, आकडे पुसलेले, म्हणजे कुणी विचारलंच तर सांगायला काही नाही. एका ठिकाणी 'वाहने सावकाश हाका' अशी पाटी झुडपातून डोकावत होती. विमानरावांनी तिथेही वेग कमी केला. बायको म्हणाली, "अहो, आता आणखी सावकाश म्हणजे उभंच राहायचं का?"

ह्या रस्त्यांची एक खोड होती, ती म्हणजे ते मध्येच संपायचे. दरड आलेली असायची, नाही तर रस्त्याचा तुकडाच खाली दरीत गेलेला असायचा. वळवायला जागा नाही. दुसरा कुणी असता तर घाम फुटला असता. विमानराव मान मागे वळवायचे आणि तीन-तीन किलोमीटर जीप उलटी चालवत आणायचे, तितक्याच वेगाने, तितक्याच निवांत. चौतीस वर्षांत अर्धं आयुष्य उलटंच गेलं होतं. बायको समोर तोंड करून बसायची आणि आलेला रस्ता लांब जाताना बघायची. "तुमच्याबरोबर फिरायला गेलं की सगळं दोनदा दिसतं," असं तिचं म्हणणं.

तीन वर्षांत दहा रस्ते झाले. अर्थात एका रविवारात एक रस्ता होत नसे. कुठे झाड तोडायचं, कुठे दगड लोटायचे, कुठे चार रविवार नुसतं फावडं मारायचं. रोलर काही दिसला नाही. अकरावा रस्ता त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो चढत होता. मुकादम रोलर चढाला नेईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुकादम स्वतः चढाला जात नसे.

अशात कार्यालयातून बोलावणं आलं. तिथे आता तरुण मॅडम साहेब होत्या, चांगल्या स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "काका, आपलं कार्यालय दुसऱ्या विभागात विलीन होतंय. येत्या सोमवारी सगळ्या जुन्या फायली बंद करून गोदामात जाणार. तुमच्या फायलीवर मला शेरा लिहावा लागेल. रोलरचा फोटो आणि नंबर आणलात तर 'रोलर सापडला, चालक निर्दोष'. नाही आणलात तर 'रोलर गहाळ, चालकावर संशय कायम'. आणि बंद झालेली फाईल परत उघडत नाही." मग ड्रॉवर उघडून त्यांनी विमानरावांचा फोटो दाखवला. फ्रेम करून ठेवला होता. "भिंतीवर लावायचाच बाकी आहे," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर विमानरावांना ना फोटोचं पडलं होतं, ना साडूचं. साडूचं काय, त्याला रोलर दाखवला असता तर म्हणाला असता, परत ओकला वाटतं! त्यांना एकच हवं होतं. बायकोने एकदा रोलर डोळ्यांनी बघावा आणि म्हणावं की माझा माणूस चोर नाही. त्यासाठीच तीन वर्षं डिझेल जळत होतं.

हातात एक रविवार होता आणि एक रस्ता होता.

अकराव्या रस्त्याला अपेक्षेपेक्षा डांबर चांगलं होतं. विमानरावांनी ते स्वतः दाबलेलं होतं आणि ते मनातल्या मनात जरा फुगलेही. अकराच्या सुमाराला एक दगड आडवा आला. तो दोर लावून ओढून काढण्यात तास गेला. मग दोघं साइडपट्टीवर बसून चहा प्यायला लागले. पुढे एक वळण दिसत होतं आणि त्यापलीकडे नकाशावर रस्ता संपत होता.

बायको म्हणाली, "अहो, एक बोलू? उद्या फाईल बंद होणार. आता तरी हे सोंग पुरे करा."

"कसलं सोंग?"

"शोधायचं. तीन वर्षं मी मुकाट्याने येतेय. म्हटलं, चारचौघांना दाखवायला माणसाला काहीतरी करावं लागतं. पण माझ्यापुढे कशाला? मला काय ठाऊक नाही?"

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही विकलात ते."

विमानरावांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"दवाखान्यात मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली, "एवढ्या ऑपरेशनचं कसं करणार? तुम्ही म्हणालात, व्यवस्था झालीय, तू विचारू नकोस. मी नाही विचारलं. घरी आले तर कळलं, रोलर नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे? ज्या माणसाने ऑफिसातली पेन्सिल कधी घरी आणली नाही, त्याने माझ्यासाठी अख्खा रोलर विकला. भावोजी बोलायचे तेव्हा जीभ कशी वळवळायची म्हणून सांगू! सांगावं वाटायचं, हो, खाल्ला, माझ्यासाठी खाल्ला, तुम्ही बायकोसाठी कधी मोडकी सायकल तरी विकलीत का? पण तुमच्यावर बालंट यायचं म्हणून तोंड शिवून बसले." तिने कप खाली ठेवला. "ही पाठ सरळ आहे ना, तिच्यात तुमचा रोलर आहे. रोज सकाळी उठून उभी राहते तेव्हा मला आठवतो."

इथे एक खुलासा करायला हवा, कारण विमानराव काही करणार नाहीत. व्यवस्था झाली होती, ती धर्मादाय खाटेची. त्या दवाखान्यात गरिबांसाठी वीस खाटा मोफत असायच्या. स्ट्रेचरवरून आत नेताना बायकोला त्या वॉर्डाची पाटी दिसली आणि ती म्हणाली, "मला धर्माच्या खाटेवर टाकलंत तर मी उठून चालत घरी जाईन." मणका मोडलेली बाई! पण तिचा हट्ट विमानरावांना ठाऊक होता. ते खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले, अर्ज भरला, खाट मिळवली, आणि नर्सच्या हातापाया पडून ती साध्या वॉर्डात लावून घेतली, वरची पाटी काढून. बायकोला सांगितलं, विचारू नकोस. तिने विचारलं नाही, स्वतःच सुतावरून स्वर्ग गाठला.

विमानरावांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. ज्या चोरीमुळे आपण हिच्या नजरेतून उतरलो असं ते बावीस वर्षं समजत होते, त्याच चोरीमुळे ते तिच्या नजरेत होते. त्यांनी तोंड उघडलं. "अगं, मी..." म्हणाले. तिला सांगायचं काय, की मी तुझ्यासाठी काही विकलं नाही, तू फुकट बरी झालीस?

"राहू दे," ती म्हणाली. "चला परत."

"एक वळण राहिलंय," विमानराव म्हणाले. "आलोच आहोत तर बघून घेऊ."

वळणापलीकडे एका मोठ्या झाडाखाली रस्ता थोडा रुंद झाला होता. मुकादम कुठलीही चीज उन्हात ठेवत नसे; सावलीसाठी तो चढही चढला होता. त्या सावलीत रोलर उभा होता.

वेलींनी त्याला गुरफटून टाकलं होतं. धुराड्यात पक्ष्याने घरटं केलं होतं. वर ताडपत्रीच्या चिंध्या लोंबत होत्या, म्हणजे झाकूनही ठेवला होता. पुढच्या आणि मागच्या चाकांना दगड लावले होते, चांगले हेरून, घट्ट. इतकं नीट काम मुकादमाने आयुष्यात दुसरं केलं नसेल. विमानरावांचे डोळे भरून आले. ते जीपमधून उतरले, वेली बाजूला करून वर चढले, सीटखाली हात घातला. तिथे नंबरची पितळी पट्टी असते. ओल्या रुमालाने पुसली. सात.

"हाच का हो?"

बायको खाली उतरून उभी होती. एक हात पाठीवर होता. तिचा आवाज असा कधी लागला नव्हता. स्ट्रेचरवर होती तेव्हासुद्धा नाही.

विमानरावांनी पट्टीवर अंगठा ठेवला. चौतीस वर्षांत त्यांनी खोटा मैल लिहिला नव्हता, खोटी रजा टाकली नव्हती. सवय नसल्यामुळे त्यांना थोडा वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "हा चार नंबर. दुसऱ्या विभागाचा."

"हुश्श! मला वाटलं..." ती जवळ आली. पुढच्या चाकावर तिने तळवा टेकला. चाक तिच्या खांद्यापर्यंत येत होतं. "आपला असाच होता?"

"असाच. जरा बरा होता."

"केवढा आहे हो!" तिने मान वर करून तो खालपासून वरपर्यंत बघितला. तिने रोलर असा जवळून पहिल्यांदाच बघितला होता. "एवढा विकलात?"

"हो," विमानराव म्हणाले. "एवढाच."

तिने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की विमानरावांना कुठे बघावं कळेना. त्यांनी चाकाखालचा दगड बुटाने तपासला. पक्का होता. मग म्हणाले, "चल. उलटं जायचंय, वेळ लागेल." फोटो काढायचा विषय कुणी काढला नाही.

सोमवारी मॅडमनी दोनदा विचारलं, "काका, नक्की नाही सापडला?" विमानराव दोनदा नाही म्हणाले. तेव्हा मॅडमनी 'संशय कायम' लिहिलं आणि फाईल त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी सगळा शेरा वाचला, एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दाखवली, आणि सही केली. मॅडमनी ड्रॉवरमधला फोटो काढून त्यांच्या हातात दिला. "घरी तरी लावा," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले झाले होते. विमानराव म्हणाले, "लावतो की."

बायको बाहेर जीपमध्ये दोन उशांवर बसली होती.

"त्या चार नंबरचं सांगितलंत का?" तिने विचारलं.

विमानरावांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. "सांगितलं," ते म्हणाले.

"बरं केलंत. कुणी बिचारा ड्रायव्हर उगाच बोलणी खात असेल. न केलेल्या चोरीची! त्याच्या बायकोला काय वाटत असेल हो, इतकी वर्षं?"

"तिचं काही म्हणणं नाही," विमानराव म्हणाले. "चांगली आहे ती."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"असेल, म्हटलं," विमानराव म्हणाले आणि त्यांनी जीप चालू केली.